‘मोहेंजो दारो’ का फसला : पुरावा, कल्पना आणि ऐतिहासिक प्रेमकथा

आशुतोष गोवारीकर यांचा ‘मोहेंजो दारो’ हा हिंदी चित्रपट १२ ऑगस्ट २०१६ रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्याकडून ज्या अपेक्षा होत्या त्या अवाजवी मुळीच नव्हत्या. ‘लगान’ (२००१) आणि ‘जोधा अकबर’ (२००८) या दोन चित्रपटांमुळे हा दिग्दर्शक जुना काळ केवळ सजवत नाही, तर त्यात माणसे वसवतो, असा विश्वास प्रेक्षकांच्या मनात बसला होता. नायकाच्या भूमिकेत हृतिक रोशन, संगीत ए. आर. रहमान यांचे, गीते जावेद अख्तर यांची, खर्च शंभर कोटींच्या घरातला, आणि विषय, म्हणजे सिंधू संस्कृतीतले एक शहर, असा की व्यावसायिक हिंदी सिनेमाने त्याला सहसा हात घातलेला नव्हता. प्रत्यक्षात स्वातंत्र्यदिनाच्या त्या आठवड्यात, त्याच दिवशी लागलेल्या ‘रुस्तम’ने बाजी मारली आणि ‘मोहेंजो दारो’ फार काळ तग धरू शकला नाही. त्यानंतर या अपयशाची जी कारणे सांगितली गेली, त्यांतली बरीचशी मला वरवरची वाटतात, म्हणून हा विषय जरा मुळापासून समजून घेण्याचा हा प्रयत्न आहे.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती चुकांची. ट्रेलर आला त्याच दिवसापासून नायिकेच्या डोक्यावरच्या पिसांच्या शिरोभूषणाची टिंगल सुरू झाली आणि सिंधू संस्कृतीत घोडा कुठून आला, असा प्रश्न विचारला गेला. यातला घोड्याचा आक्षेप वजनदार आहे. हडप्पा संस्कृतीच्या मुद्रांवर, म्हणजे दगडी शिक्क्यांवर, एकशिंगी प्राणी, बैल, हत्ती, गेंडा, वाघ असे अनेक प्राणी कोरलेले आहेत, पण घोडा नाही. गुजरातेतल्या सुरकोटडा येथे सापडलेली हाडे घोड्याची की रानगाढवाची, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. आपल्याकडच्या दायमाबादला १९७४ मध्ये कांस्याच्या ज्या वस्तू मिळाल्या, आणि ज्या अनेक अभ्यासक उत्तर हडप्पा काळाशी जोडतात, त्यांतला सुंदर रथदेखील बैलांच्या जोडीचा आहे. शिरोभूषणाच्या बाबतीत मात्र टिंगल करणाऱ्यांनी थोडी घाई केली. मोहेंजोदडो आणि हडप्पा येथे सापडलेल्या मातीच्या स्त्रीमूर्तींच्या डोक्यावर पंख्यासारखी पसरलेली, आजच्या डोळ्यांना अतिरंजित वाटतील अशी शिरोभूषणे खरोखरच आहेत. पिसांचा तपशील कल्पित असेल, पण डोक्यावर काहीतरी भव्य घालण्याची हौस त्या काळाची आहे. गोवारीकरांनी जोनाथन मार्क केनॉयर यांच्यासारख्या, हडप्पाच्या उत्खननात हयात घालवलेल्या पुरातत्त्वज्ञाचा सल्ला घेतला होता, त्यामुळे गृहपाठ झाला नव्हता, असे कोणी म्हणू शकणार नाही. शिवाय तपशिलाच्या चुका असूनही प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेले ऐतिहासिक चित्रपट आपल्याकडे कमी नाहीत. खोट कथेच्या बांधणीत आहे.

ऐतिहासिक प्रेमकथा आणि एरवीची प्रेमकथा यांत मूलभूत फरक कोणता, हे आधी पाहू. दोन माणसे एकमेकांवर जीव लावतात आणि त्यांच्या आड काहीतरी येते, हा सांगाडा दोन्हीकडे सारखाच असतो. फरक पडतो तो आड येणाऱ्या गोष्टीत. ऐतिहासिक प्रेमकथेत हा अडसर त्या काळाच्या पोटातून आलेला असावा लागतो, म्हणजे त्या काळाचा कायदा, धर्म, राजकारण, वारसाहक्क किंवा युद्ध यांनी घातलेला. ‘जोधा अकबर’मध्ये हे अचूक साधले होते. आमेरच्या राजा भारमलांच्या कन्येचा अकबराशी १५६२ मध्ये झालेला विवाह हा राजकीय तह होता. ती आपला धर्म सोडणार नाही आणि महालात आपले देवघर ठेवील, या तिच्या अटींमध्येच त्या दोघांमधले अंतरही होते आणि ते मिटवण्याची वाटही. तिचे नाव जोधा होते का, यावर वाद झाला, आणि तो रास्तही होता. परंतु नाव बदलले तरी कथा उभी राहते, कारण ती सोळाव्या शतकातल्या मुघल-राजपूत संबंधांतून उगवलेली आहे. ती उचलून दुसऱ्या काळात ठेवता येत नाही.

आता हीच कसोटी ‘मोहेंजो दारो’ला लावू. आमरी गावातला सरमन हा निळीची शेती करणारा तरुण नीळ विकण्यासाठी शहरात येतो. तिथे पुजाऱ्याची मुलगी चानी हिच्या तो प्रेमात पडतो. तिचे लग्न नगरप्रमुख महम याच्या मुलाशी, मुंजाशी, ठरलेले आहे. महम लोभी आणि जुलमी आहे, शेतकऱ्यांवर वाढीव कर लादतो, आणि सरमन त्याविरुद्ध लोकांना उभे करतो. पुढे उघड होते की सरमनच्या वडिलांचा बळी महमनेच घेतला होता. मग रिंगणात धिप्पाड नरभक्षकांशी झुंज, खलनायकाचा पाडाव, आणि शेवटी महापूर. ही कथा वाचताना काळाचे नाव झाकून ठेवले, तर ती कोणत्याही शतकात, कोणत्याही राज्यात घडू शकेल. ठरलेले लग्न, जुलमी बाप, उद्धट मुलगा, हरवलेल्या वारसाची ओळख पटवणारी खूण, हे सारे सामान हिंदी सिनेमाच्या गोदामात कित्येक दशके पडून होते. वाढीव कराविरुद्ध गावाला एकवटणारा तरुण तर खुद्द गोवारीकरांच्याच ‘लगान’मधून आल्यासारखा वाटतो, मात्र तिथे १८९३ सालची छावणी, इंग्रज अधिकारी आणि क्रिकेट यांमुळे त्या संघर्षाला जो अस्सल चेहरा मिळाला होता, तो इथे नाही.

हे असे का झाले, हे समजण्यासाठी मोहेंजोदडोबद्दल आपल्याला काय माहीत आहे आणि काय नाही, हे थोडे तपशिलात पाहावे लागेल, कारण खरी अडचण तिथे आहे. आजच्या पाकिस्तानात, सिंधमधल्या लारकाना जिल्ह्यात असलेल्या या शहराचे महत्त्व राखालदास बॅनर्जी यांच्या उत्खननातून लक्षात आले आणि १९२४ मध्ये जॉन मार्शल यांनी या संस्कृतीची जगाला ओळख करून दिली. इ.स.पू. २६०० ते १९०० हा तिचा भरभराटीचा काळ मानला जातो. चित्रपटाने कथेसाठी इ.स.पू. २०१६ हे वर्ष निवडले आहे, म्हणजे उतरणीला लागण्याच्या जरा आधीचे. शहराच्या रचनेविषयी आपल्याला थक्क व्हावे इतके ठाऊक आहे. विटांची उंची, रुंदी आणि लांबी एकास दोन, दोनास चार या प्रमाणात असे. चर्ट या कठीण दगडाची घासून गुळगुळीत केलेली चौकोनी वजने एक, दोन, चार, आठ, सोळा अशी दुपटीने चढत जात आणि त्यांतले सोळाचे वजन सुमारे साडेतेरा ग्रॅमचे भरे. मोठे स्नानगृह सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळपास अडीच मीटर खोल होते आणि पाणी झिरपू नये म्हणून त्याला डांबराचा थर दिलेला होता. शहरात सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात, असा अंदाज आहे. घरातले सांडपाणी झाकलेल्या गटारांतून वाहून जाई, आणि हे वाचून आजच्या कोणत्याही महानगरपालिकेतला नागरिक क्षणभर हळहळल्याशिवाय राहणार नाही.

पण माणसांविषयी विचारा, आणि हाती जवळजवळ काहीच लागत नाही. लिपी आहे, तिची सुमारे चारशे चिन्हे मोजली गेली आहेत, परंतु ती आजतागायत सर्वमान्य रीतीने वाचता आलेली नाही. मजकूर इतका त्रोटक आहे की एका लेखात सरासरी पाचच चिन्हे येतात. त्यामुळे एकाही व्यक्तीचे नाव, एकही कायदा, एकही विवाहविधी, एकही प्रार्थना आपल्याला ठाऊक नाही. कांस्याची ती प्रसिद्ध नर्तकी, उंची जेमतेम साडेदहा सेंटीमीटर, हात कमरेवर ठेवून उभी आहे, पण ती खरोखर नर्तकी होती का, हेसुद्धा सांगता येत नाही. ज्याला आपण ‘पुरोहित राजा’ म्हणतो, त्या दाढीवाल्या शिल्पाला ते नाव पुरातत्त्वज्ञांनी दिले. तो पुरोहितही नसेल आणि राजाही नसेल.

म्हणजे ऐतिहासिक प्रेमकथेला ज्या गोष्टींची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच इथे गायब आहेत. विटेचे माप मिळते, पण मुलीचे लग्न कोण ठरवत असे, ते मिळत नाही. त्यामुळे पटकथाकारापुढे दोनच वाटा उरतात. जे ठाऊक आहे त्यातून तर्काने नवा अडसर घडवायचा, नाही तर रिकामी जागा ओळखीच्या साच्याने भरून टाकायची. पहिली वाट अवघड आहे आणि तीत पैसे बुडण्याची भीती मोठी. चित्रपटाने दुसरी धरली. मला खटकते ते हे, की इतके स्वातंत्र्य हाताशी असताना तो सर्वांत मळलेल्या वाटेने गेला.

सत्तेचे उदाहरण घ्या. मोहेंजोदडोत इजिप्तसारखी राजांची थडगी सापडलेली नाहीत, मेसोपोटेमियासारखा निर्विवाद राजवाडा नाही, विजयाच्या गाथा कोरलेले शिलालेख नाहीत. तरीही दहा लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेल्या प्रदेशात वजने आणि विटा एकाच मापाच्या आढळतात. एवढी शिस्त कोण राखत होते? एक राजा, व्यापाऱ्यांची मंडळे, पुरोहित, की अनेक घराण्यांची मिळून असलेली सभा? अभ्यासकांना गेली शंभर वर्षे छळणारा हा प्रश्न आहे. चित्रपटाला तो दिसला नव्हता, असे नाही; त्यात नगराची सभा आहे, सदस्य आहेत, चर्चा आहे. पण कबीर बेदी यांचा महम शिंगांचे शिरोभूषण घालून समोर आला की ती सभा केवळ शोभेची उरते आणि आपण एका ओळखीच्या हुकूमशहाकडे पाहू लागतो. जिथे राजा दिसत नाही अशा शहरातला जुलूम कसा असेल, तो कोणत्या रूपाने प्रेमाच्या आड येईल, हा विचार केला असता तर कदाचित वजनात खोट केल्याचा आरोप, मुद्रा काढून घेणे, व्यापारातून बहिष्कृत करणे अशा शिक्षा सुचल्या असत्या. त्या कल्पितच राहिल्या असत्या, पण त्या शहराच्या मातीतल्या वाटल्या असत्या.

नायकाच्या धंद्याचेही तसेच. मोहेंजोदडोत चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला, मंजिष्ठा या लाल रंग देणाऱ्या वनस्पतीने रंगवलेल्या सुती कापडाचा तुकडा मिळाला आहे. कापूस पिकवून, विणून, रंगवून वापरणाऱ्या जगातल्या अगदी आरंभीच्या समाजांपैकी हा एक. अशा शहरात रंग पिकवणारा शेतकरी नायक म्हणून आणणे, ही या पटकथेतली सर्वांत सुंदर सूचना होती. रंगाचा भाव, रंगाऱ्याचे निळे झालेले हात, शहरातल्या व्यापाऱ्याने गावच्या माणसाला दिलेली वागणूक, एवढ्यावर निम्मी प्रेमकथा उभी राहिली असती. परंतु थोड्याच वेळात नीळ मागे पडते आणि सरमन हा मगरीशी झुंजणारा, रिंगणात लढणारा ठरीव वीर बनतो. एखाद्याच्या हातात काम आहे आणि त्या कामामुळे तो तसा वागतो, हे दिसले की प्रेक्षक जुन्या काळावर विश्वास ठेवतो. नुसत्या दंडाच्या बेडक्या दाखवून तो विश्वास बसत नाही.

भाषेची अडचण मात्र कोणालाही चुकली नसती. या लोकांची बोली आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा पात्रे हिंदीच बोलणार, हे उघड आहे. प्रश्न असतो तो कोणती हिंदी. इथे जुनी वाटावी म्हणून मुद्दाम घडवलेली, शब्द जपून टाकणारी हिंदी वापरली आहे, आणि तिचा फटका प्रेमप्रसंगांना बसतो. सभेत, युद्धात, शपथ घेताना अशी भाषा खपते. आपल्या ऐतिहासिक नाटकांनी मराठी प्रेक्षकाला पल्लेदार वाक्यांची चांगली सवय लावून ठेवली आहे. पण दोन तरुण जीव एकमेकांची थट्टा करतात, अर्धे वाक्य सोडून देतात, रुसतात, आणि तेव्हा भाषा सैल व्हावी लागते. सरमन आणि चानी एकमेकांशी बोलतात तेव्हाही समोर कोणी सभा भरवून बसले आहे, असे वाटत राहते. पूजा हेगडे यांचा हा पहिलाच हिंदी चित्रपट होता आणि अभिनयाचा दोष त्यांच्या माथी मारला गेला. मला वाटते, चानीला करायला आणि बोलायलाच फारसे काही दिलेले नव्हते. ती सिंधूमातेची निवडलेली कन्या आहे, सुंदर आहे, संकटात आहे, यापलीकडे तिला स्वतःचे असे काही हवे आहे का, ते कळत नाही.

शेवटच्या महापुराबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण इतिहास आणि पटकथा यांची गरज कशी वेगळी असते, हे तिथे सर्वांत स्पष्ट दिसते. चित्रपटात महमने नदीतल्या सोन्याच्या लोभाने धरण बांधून सिंधूचा प्रवाह अडवलेला असतो. ते धरण फुटते, शहर बुडते आणि सरमन नावांचा पूल करून लोकांना पलीकडे नेतो. पुराची कल्पना हवेतून आलेली नाही. १९६० च्या दशकात रॉबर्ट रेक्स आणि जॉर्ज डेल्स यांनी असा सिद्धांत मांडला होता, की भूगर्भीय हालचालींमुळे खालच्या अंगाला सिंधूचा प्रवाह अडला आणि मोहेंजोदडोच्या परिसरात पाणी तुंबत गेले. पुढे या सिद्धांतावर बरीच टीका झाली. आज बहुतेक अभ्यासक ऱ्हासाची कारणे हळूहळू दुबळा होत गेलेला मोसमी पाऊस, नद्यांचे बदललेले प्रवाह आणि मंदावलेला दूरचा व्यापार यांत शोधतात. लोक एका रात्रीत बुडाले नाहीत. कित्येक पिढ्यांत शहरे ओस पडत गेली आणि वस्ती पूर्वेकडे व गुजरातेकडे छोट्या गावांत विखुरली. आता पावसाचे कमी होणे पडद्यावर खलनायक म्हणून कसे उभे करणार? पटकथेला एक गुन्हेगार आणि एक रात्र हवी असते, म्हणून शेकडो वर्षांची प्रक्रिया एका माणसाच्या लोभात आणि एका पुरात कोंबली गेली. इतके संक्षिप्तीकरण मी चित्रपटाला माफ करायला तयार आहे. पण वाचलेली माणसे चालत चालत दुसऱ्या एका नदीकाठी पोहोचतात आणि नायक तिला गंगा हे नाव देतो, तिथे मात्र कथा प्रेमाचीही राहत नाही आणि त्या शहराचीही राहत नाही.

पुराव्यांत प्रेमकथेचे बीज नव्हतेच, असे कोणी म्हणेल, तर तेही खरे नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात मेसोपोटेमियातली एक अक्कडकालीन मुद्रा आहे. तिचा मालक शू-इलिशू नावाचा माणूस असून तिच्यावर तो मेलुहाच्या भाषेचा दुभाषा असल्याचे कोरलेले आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, असे बहुतेक विद्वान मानतात. दोन संस्कृतींच्या मधोमध उभा राहून दोन्हीकडचे बोलणे समजणारा माणूस, याहून चांगला नायक कोणता? दुसरे उदाहरण तर आपल्या जवळचे आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी हरियाणातल्या राखीगढी येथील दफनभूमीत केलेल्या उत्खननात एकाच खड्ड्यात शेजारी शेजारी पुरलेले एक तरुण स्त्री आणि एक तरुण पुरुष सापडले. दोघेही उताणे, हातपाय सरळ, आणि पुरुषाचा चेहरा स्त्रीकडे वळलेला. सांगाड्यांवर माराच्या खुणा नव्हत्या. दोघे साधारण एकाच वेळी गेले असावेत, असे अभ्यासकांचे मत पडले. हडप्पा संस्कृतीत जोडप्याचे म्हणता येईल असे दफन फार विरळा. हे संशोधन चित्रपटानंतर प्रसिद्ध झाले, त्यामुळे गोवारीकरांना ते वापरता आले असते, असे मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच की नाव ठाऊक नसलेली, लिपी न उलगडलेली माणसेही आपल्याला हलवून सोडू शकतात, आणि त्यासाठी नरभक्षक लागत नाहीत.

याच दिग्दर्शकाचा पुढचा चित्रपट ‘पानिपत’ ६ डिसेंबर २०१९ रोजी आला, आणि तोही सदाशिवराव भाऊ आणि पार्वतीबाई यांच्या प्रेमाच्या धाग्यावर विणलेला होता. तिथली अडचण नेमकी उलटी होती. १४ जानेवारी १७६१ रोजी काय झाले, हे मराठी प्रेक्षकाला शाळेपासून पाठ असते. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, हे सांगणारा निरोप त्याच्या कानावर केव्हाच पडलेला असतो. पार्वतीबाई खरोखर मोहिमेवर बरोबर होत्या, आणि भाऊंचा तोतया पुढे कित्येक वर्षे पेशवाईला सतावत राहिला. तिथे रिकाम्या जागा मोजक्याच होत्या, म्हणून कथा निदान त्या काळाला बांधलेली राहिली, जरी तोही चित्रपट तिकीटबारीवर फारसा चालला नाही.

‘मोहेंजो दारो’ आज पाहायचा झाला, तर माझा सल्ला असा राहील की तो कथेसाठी न पाहता त्यातल्या गल्ल्या, बाजार, वजने, मुद्रा आणि विहिरी यांच्यासाठी पाहावा. भुजजवळ उभारलेल्या त्या सेटवर मन लावून काम झाले आहे, आणि पाठ्यपुस्तकातल्या आराखड्यात पटकन न दिसणारी उंची, सावली आणि गर्दी तिथे दिसते. मुलांना दाखवताना घोड्यापाशी थांबून दायमाबादच्या बैलांची आठवण करून द्यावी. आणि जमले तर त्याच कच्छमधल्या धोलावीरा येथे जाऊन यावे. २०२१ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंद झालेल्या त्या नगरीत खडकात खोदलेले पाण्याचे मोठे हौद आणि वेशीजवळ सापडलेल्या दहा मोठ्या, अजून न वाचता आलेल्या अक्षरांच्या फलकाची जागा प्रत्यक्ष पाहता येते.